दिवाणावरून चालणारा संगणक

दहावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडमध्ये दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरांची शोधाशोध सुरू होते. हिंगोली, उदगीर, देगलूर, किनवट अशा गावांहून मुले नीट आणि जेईईच्या तयारीसाठी येतात. पुष्कळदा त्यांच्याबरोबर आई येते, कधी आजीही येते. अशा बिऱ्हाडात अभ्यासाला निराळी खोली क्वचितच मिळते. पुढची खोली हीच बैठक, हीच अभ्यासिका आणि रात्री हीच आजींची निजण्याची जागा. याच खोलीतल्या टीव्हीखाली अलीकडे पुस्तकाच्या आकाराचा एक संगणक दिसू लागला आहे. दुपारी त्यावर क्लासची व्याख्याने चालतात. वडील गावाहून आले तर संध्याकाळी दुकानाचा हिशेब आणि जीएसटीचे विवरणपत्र त्यावरच भरले जाते. रविवारची सराव परीक्षा आटोपली की भावंडे त्याच पडद्यावर क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा खेळ लावतात. आणि हे सारे चालते दिवाणावर बसून.

संगणक इतका लहान होणे ही काही एका रात्रीत घडलेली गोष्ट नाही. १७ सेंटिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स हा मदरबोर्डचा नमुना २००१ मध्ये आला, अ‍ॅपलचा मॅक मिनी २००५ मध्ये, आणि पुढे इंटेलने ‘नक’ या नावाने तळहातावर मावतील असे संच आणले. २०२३ मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतले व ते काम आसुसकडे गेले. तोवर इतर अनेक कंपन्या या बाजारात उतरल्या होत्या. अशा पेटीत भले मोठे ग्राफिक कार्ड मावत नाही, पण घरगुती खेळांना ते लागतेच असे नाही.

ही पेटी घेताना प्रोसेसर कोणता, रॅम किती, यावर घरात आठ-आठ दिवस चर्चा होते. कीबोर्ड आणि माऊस मात्र दुकानदार पुढे करील तो उचलला जातो. मग महिनाभरात तक्रारी सुरू होतात: बाण मध्येच अडकतो, अक्षरे गळतात, माऊस टीपॉयवर चालतच नाही, रात्री कळांच्या टकटकीने आजींची झोप मोडते. वस्तू वाईट असतेच असे नाही. ती टेबलासाठी घडवलेली असते आणि वापर होतो दिवाणावर. टेबलाशी बसलेल्या माणसापासून यंत्र दोन फुटांवर असते. दिवाणापासून ते आठ-दहा फुटांवर जाते, हाताखाली फळी नसते, मांडी असते.

नवी वस्तू घेण्यापूर्वी एक गोष्ट मात्र फुकटात तपासून पाहावी. कळ दाबल्यावर पडद्यावरचा फलंदाज उशिरा बॅट फिरवतो, ही मुलांची नेहमीची तक्रार. दोष बिनतारी माऊसला किंवा गेमपॅडला दिला जातो. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा आपली खबर देतो, म्हणजे दर ८ मिलीसेकंदांनी एकदा. खेळासाठीचा माऊस १००० वेळा देतो, म्हणजे दर १ मिलीसेकंदाला. फरक ७ मिलीसेकंदांचा. याउलट टीव्ही चित्र गुळगुळीत आणि झगमगीत करण्यासाठी प्रत्येक चौकटीवर प्रक्रिया करत बसतो आणि त्यात अनेक संचांवर ५० ते १०० मिलीसेकंद सहज जातात. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो. तो चालू केला की ही सजावट बंद होते आणि उशीर पुष्कळ घटतो. खोक्यावरच्या आकड्यांसाठी दुप्पट पैसे मोजण्यापूर्वी रिमोट हाती घेणे बरे.

आता लहरींकडे वळू. बिनतारी कीबोर्ड, माऊस, ब्लूटूथ, वायफाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी ही सारी मंडळी २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात वावरतात. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला. त्यामुळे सोय झाली आणि गर्दीही झाली. शेजारच्या चारही बिऱ्हाडांतले राउटर तिथेच बोलत असतात. घरच्या राउटरला ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर संगणक आणि टीव्ही त्यावर जोडावेत. निदान आपल्या घरातली गर्दी तरी कमी होते.

पण गर्दीपेक्षाही त्रासदायक शत्रू पेटीतच बसलेला असतो, आणि तो फारच थोड्यांना ठाऊक आहे. यूएसबी ३.० ची जोडणी चालू असताना तिच्यातून नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात दाखवून दिले. मोठ्या संगणकात पुढे-मागे भरपूर खाचा असतात. लहान पेटीत बाहेरची हार्ड डिस्क आणि माऊसचा नखाएवढा रिसीव्हर एकमेकांना चिकटून बसतात. डिस्कवरून व्याख्यान चालू झाले की माऊस अडखळू लागतो, आणि घरचे म्हणतात सेल संपले. त्यातून पेटी टीव्हीच्या मागे टांगलेली असेल तर रिसीव्हर आणि दिवाण यांच्यामध्ये टीव्हीचा अख्खा धातूचा पत्रा येतो. उपाय साधा आहे. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन रिसीव्हर टीव्हीच्या कडेबाहेर, दिवाणावरून डोळ्यांना दिसेल असा आणावा. रिसीव्हरसाठी सहसा निळ्या रंगाची असणारी खाच टाळून जुन्या पद्धतीची काळी खाच वापरावी. या वायरने जितक्या तक्रारी मिटतात तितक्या महागड्या माऊसनेही मिटत नाहीत.

पाणी या लहरी शोषून घेते हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात घरात पाणी साठवून ठेवण्याची सवय अंगवळणी पडलेली आहे. पिंप पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात असेल तर तो रिसीव्हरच्या आणि दिवाणाच्या मधे येऊ देऊ नये. माणसाचे शरीरही बहुतांशी पाणीच. धाकटा भाऊ टीव्हीसमोर येऊन उभा राहिला की गेमपॅड रुसतो, त्यात त्याचा खोडकरपणा अर्धाच असतो.

रिसीव्हर घ्यावा की ब्लूटूथ, हा पुढचा प्रश्न. ब्लूटूथला खाच लागत नाही आणि तोच कीबोर्ड फोनलाही जोडता येतो, हे त्याचे गुण. पण ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा विंडोज सुरू झाल्यावरच जागा होतो. वीज अचानक गेली, परत आली आणि यंत्र सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर ‘कळ दाबा’ म्हणून थांबले, तर त्याचा काही उपयोग नसतो. रिसीव्हरवाला कीबोर्ड यंत्राला साध्या यूएसबी कीबोर्डसारखाच दिसतो, म्हणून तो बायोसमध्येही चालतो आणि बहुतेक वेळा झोपलेल्या यंत्राला जागेही करतो. ज्या घरात वीज ये-जा करते आणि आठ फुटांवरून उठून पेटीपर्यंत जाणे आजींना अवघड जाते, तिथे कीबोर्ड रिसीव्हरचाच असावा. गेमपॅड खुशाल ब्लूटूथवर असू द्यावा.

कीबोर्ड निवडताना पहिली कसोटी मांडीची. रुंद, जड, अंकांचा निराळा गठ्ठा असलेला कीबोर्ड मांडीवरून घसरतो. उजव्या बाजूला टचपॅड जोडलेला अरुंद कीबोर्ड दिवाणासाठी सर्वांत सोयीचा. लॉजिटेकचा के ४०० प्लस हा या जातीचा प्रसिद्ध नमुना. त्याच्या एका तुकड्यात कीबोर्ड आणि माऊस दोन्ही आल्याने आजींना हात दोन ठिकाणी न्यावा लागत नाही. वेगवान खेळांना मात्र टचपॅड कुचकामी. दुसरी कसोटी आवाजाची. ‘ब्लू स्विच’च्या मेकॅनिकल कीबोर्डची टकटक मुलांना मोहवते, परंतु ज्या खोलीत कुणी निजलेले असते त्या खोलीत ती क्रूरपणाचीच म्हणावी लागेल. लॅपटॉपसारख्या बुटक्या कळांचा किंवा रबरी पडद्यावरचा कीबोर्ड पुरेसा मऊ बोलतो. माऊसच्या क्लिकचाही आवाज होतो. आवाज न करणारे माऊस आता सहज मिळतात.

घरात कुणी मराठी टंकलेखन करत असेल तर आणखी थोडे पाहावे लागते. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली इनस्क्रिप्ट रचना विंडोजमध्ये तयारच असते. विंडोज कळ आणि स्पेस एकत्र दाबले की भाषा बदलते. मात्र छोट्या बिनतारी कीबोर्डांवर देवनागरी अक्षरे क्वचितच छापलेली असतात, तेव्हा चिकटपट्ट्यांचा संच लावून घ्यावा. विरामचिन्हांच्या कळा आखडलेल्या कीबोर्डवर इनस्क्रिप्टची काही अक्षरे शोधत बसावे लागते, कारण ती नेमकी त्याच कोपऱ्यातल्या कळांवर आहेत.

माऊस हवाच असेल तर तो कशावर फिरणार हे आधी ठरवावे. काचेच्या टीपॉयवर साधा ऑप्टिकल माऊस आंधळा होतो, कारण त्याला टिपायला खडबडीतपणाच सापडत नाही. दिवाणावरच्या मखमली चादरीवर तो रुततो. वहीचा पुठ्ठा हा उत्तम आणि बिनखर्ची माऊसपॅड आहे. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी ट्रॅकबॉल: माऊस जागेवरच राहतो, अंगठ्याने फक्त गोळा फिरवायचा. लॉजिटेकचा एम ५७५ या प्रकारातला. सवय व्हायला चार-आठ दिवस जातात, मग मनगट दुखणारी वडीलधारी मंडळी तो सोडायला तयार होत नाहीत. दर पंधरवड्याला गोळा काढून खाचेतली धूळ पुसावी लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आठवड्यालाच.

खेळण्यासाठी गेमपॅड हेच दिवाणाचे खरे साधन. एक्सबॉक्सचा गेमपॅड विंडोज आपोआप ओळखते, म्हणून बहुतेक खेळांत तो जोडला की चालतो. जुना गेमपॅड सवलतीत मिळत असेल तर एवढे पाहावे: २०१३ च्या मूळ नमुन्यात ब्लूटूथ नाही, ते २०१६ च्या सुधारित नमुन्यापासून आले. मूळ नमुन्याला मायक्रोसॉफ्टचा वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो. हा अ‍ॅडाप्टर एका वेळी आठ गेमपॅड सांभाळतो, तेव्हा सुटीत चुलत-मावस भावंडे जमणार असतील तर त्याचा खर्च वाया जात नाही. एकाच ब्लूटूथवर चौघे बसले की कुरबुरी सुरू होतात. गेमपॅडचा दुसरा रोग म्हणजे हात न लावताही खेळाडू आपोआप एका बाजूला चालू लागणे. काडीखालच्या पट्टीवर स्पर्शक घासून झिजतो, धूळ शिरते, आणि केंद्र हरवते. चुंबकाच्या साहाय्याने जागा ओळखणाऱ्या ‘हॉल इफेक्ट’ काड्यांत असे घासणेच नसते. सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये ही रचना होती. मधली कितीतरी वर्षे ती विसरली गेली आणि आता मध्यम किमतीच्या गेमपॅडमध्ये पुन्हा आली आहे. दोघे-तिघे भाऊ रोज वापरणार असतील तर थोडे अधिक देऊन तीच घ्यावी.

या सगळ्यात सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी ‘माऊसजॅक’ नावाची त्रुटी उघड केली: अनेक कंपन्यांच्या बिनतारी रिसीव्हरना दूरवरून खोट्या कळा पाठवता येत होत्या. त्याच वर्षीच्या जुलैत असेही दाखवले गेले की काही स्वस्त कीबोर्ड टंकलेली अक्षरे कुठल्याही कुलपाविना हवेत सोडतात आणि ती भिंतीपलीकडे ऐकता येतात. ज्या यंत्रावर क्लासची व्याख्यानेच पाहायची आहेत तिथे याचे फारसे भय नाही. पण त्याच दिवाणावर बसून बँकेचा पासवर्ड आणि जीएसटी पोर्टलची अक्षरे टंकली जातात. म्हणून खोक्यावर ‘एईएस १२८’ असा सांकेतिकीकरणाचा उल्लेख नसेल तो कीबोर्ड घेऊ नये. लॉजिटेकने २०२१ मध्ये आणलेला ‘बोल्ट’ रिसीव्हर याच दृष्टीने अधिक कडक केलेला आहे. आणि जुना, नावगाव नसलेला संच घरात असेलच तर हिशेबाच्या दिवसापुरता तारेचा साधा कीबोर्ड जोडावा; गंजगोलाईत काय किंवा वजिराबादेत काय, तो अगदी थोडक्या पैशांत मिळतो.

राहिले सेल. कीबोर्ड-माऊसला पेन्सिल सेल उत्तम; कीबोर्डमध्ये ते वर्षभरही टिकतात. गेमपॅड मात्र ते आठवड्याभरात खातो, तिथे पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे चार सेल आणि एक चार्जर घ्यावा. दोन वापरात, दोन तयार. आत बसवलेल्या लिथियम बॅटरीचा गेमपॅड असेल तर नांदेडच्या मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत तो खिडकीत किंवा तापलेल्या टीव्हीवर ठेवू नये, उष्णतेने बॅटरीचे आयुष्य लवकर सरते. परीक्षा आटोपून महिना-दीड महिना घर बंद करून गावी जायचे असेल तेव्हा साधे सेल काढूनच ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतल्या स्प्रिंगा खातात. आणि तो नखाएवढा रिसीव्हर माऊसच्या पोटातल्या खाचेत परत बसवावा. अनेक संचांत तो त्याच माऊसशी बांधलेला असतो. केरात गेला तर दुसरा जुळत नाही.