काम परदेशी जाते तेव्हा

कारखाना परदेशी गेला, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु बंगळूरच्या तयार कपड्यांच्या धंद्यात यंत्रे सहसा जागची हलत नाहीत. हलते ती मागणी. युरोपातील एखादा खरेदीदार पुढील हंगामाचे शर्ट बोम्मनहळ्ळीऐवजी ढाक्यास शिवून घेण्याचे ठरवितो, आणि इकडे शिलाई यंत्रांची एक रांग रिकामी पडते. जकातीतील फरक हे याचे एक मोठे कारण होय. अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशाला 2001 पासून युरोपीय संघात जकातमाफी मिळत आली. भारतीय कपड्यांना ती नव्हती. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात 50 टक्क्यांपर्यंत नेली, तेव्हा हीच भीती नव्याने उभी राहिली. कधी भांडवलही सीमा ओलांडते: बंगळूरच्या गोकलदास एक्सपोर्ट्स या कंपनीने 2024 मध्ये केनिया व इथिओपिया येथे कारखाने असलेली अ‍ॅट्राको ही कंपनी ताब्यात घेतली.

अशा रीतीने काम गेले, तर त्या कामगाराचे सरकारने काय करावे? अमेरिकेने 1962 साली कायद्याने याचे उत्तर दिले व 1974 साली ते अधिक व्यापक केले. परदेशी व्यापारामुळेच काम गेले असे श्रमखात्याने प्रमाणित केले, की कामगारास नवे शिक्षण आणि त्या काळात साप्ताहिक भत्ता मिळे. व्यापाराचा लाभ साऱ्या देशाला होतो, तेव्हा त्याचा भार काही थोड्यांवरच पडू नये, हे त्यामागील तत्त्व होते. गंमत अशी, की पुढे तेथील संगणक-कर्मचाऱ्यांचे काम ज्या शहराकडे गेले त्यांत बंगळूर अग्रभागी होते. नोकरी अशा रीतीने जाण्याला अमेरिकन बोलीत या शहराच्या नावावरून एक क्रियापदच पडले. सेवाक्षेत्रातील या लोकांना कायद्याचे दार 2009 साली उघडले. 1 जुलै 2022 पासून मात्र मुदतवाढीअभावी नव्या अर्जांचा विचार थांबला.

भारतीय कायद्याने काम कोठे गेले हा प्रश्न कधी विचारलाच नाही. तो विचारतो एवढेच: कामगारकपात झाली काय, कारखाना बंद झाला काय? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कपात झालेल्या कामगारास एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन देणे मालकावर बंधनकारक झाले. गिरणी-कामगारांसाठी 1986 साली केंद्र सरकारने पुनर्वसन निधी उभारला; गिरणी कायमची बंद पडल्यास त्यातून पहिल्या वर्षी वेतनाच्या 75, दुसऱ्या वर्षी 50 व तिसऱ्या वर्षी 25 टक्के साहाय्य मिळे. राज्य विमा महामंडळाची बेकारी भत्त्याची योजना 2005 साली आली आणि 2017 मध्ये गिरण्यांचा निधी तिच्यात विलीन करण्यात आला. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्प्रशिक्षणासाठी मालकाने 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम देण्याची तरतूद केली. त्याच संहितेने, कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट जी 100 कामगारांपासून लागू होती, ती 300 वर नेली.

कागदावर हे कमी नाही. परंतु या बहुतेक साहाय्याची किल्ली ‘कपात’ अथवा ‘बंद’ या शब्दांत आहे, आणि शिवणकामाच्या कारखान्यात हे शब्द क्वचितच उच्चारले जातात. मागणी आटली, की दूरच्या शाखेत बदली केली जाते, किंवा दररोजचा ठराविक नगांचा आकडा न झेपण्याइतका वाढतो. अखेर बाई आपणहून राजीनामा देते. ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षे पुरी होण्याआधीच असे घडते, ही कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे. राजीनामा म्हणजे कपात नव्हे. तेव्हा भरपाई नाही.

मग हाती उरतो तो पीएफ, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी. तो वास्तविक म्हातारपणासाठी. पण मध्यंतरीच्या बेकारीत घरभाडे, मुलांची फी आणि गावाकडचे कर्ज त्यातूनच भागते. 10 फेब्रुवारी 2016 च्या अधिसूचनेने त्यातील मालकाचा हिस्सा वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत अडकवून ठेवला. दिल्लीत तो हिशेबाचा तपशील वाटला असावा. 18 व 19 एप्रिल रोजी बंगळूरच्या कपडा-कारखान्यांतील हजारो कामगार, त्यांतही बहुसंख्य स्त्रिया, रस्त्यावर उतरल्या. कोणत्याही मोठ्या संघटनेने हाक दिलेली नव्हती. होसूर रस्ता व तुमकूर रस्ता ठप्प झाले. दगडफेक झाली, बसगाड्या जळाल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. 19 तारखेच्या संध्याकाळीच सरकारने अधिसूचना मागे घेतली. त्या स्त्रियांनी नवे काही मागितले नव्हते. त्यांच्या लेखी बेकारीचा विमा म्हणून जे एकच होते, ते त्या राखीत होत्या.

13 ऑक्टोबर 2025 रोजी निधीच्या विश्वस्त मंडळाने पुन्हा याच विषयावर निर्णय घेतला: बेकार झालेल्यास तीन-चतुर्थांश रक्कम लगेच काढता यावी, परंतु उरलेल्या पाव हिश्शासह पूर्ण हिशेबासाठीची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने व्हावी.