विंगेतील कुजबूज आणि बिनतारी यंत्र

मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला प्रॉम्प्टर दिसत नाही. पण तो विंगेत उभा असणार, हे त्याला ठाऊक असते. हातात नाटकाची वही, डोळे वहीवर आणि कान रंगमंचाकडे, अशा स्थितीत उभा असलेला हा मनुष्य, नटाच्या जिभेवरून वाक्य निसटते आहे असे दिसताच त्याचा पहिला शब्द हळूच पुरवितो. ज्याचा आवाज नटाला ऐकू येतो, पण पहिल्या रांगेतील प्रेक्षकाला येत नाही, तोच खरा प्रॉम्प्टर. ह्या जुन्या कुजबुजीला विज्ञानाने आता लांबचा पल्ला दिला आहे. विंगेतून चारदोन पावलांवर जाणारा शब्द आज नाट्यगृहाच्या कोणत्याही कोपऱ्यातून थेट नटाच्या कानात पोहोचू शकतो.

नाट्यप्रयोग म्हणजे केवळ नटांचे बोलणे नव्हे. दिवे मंद होणे, पडदा सरकणे, ढगांचा गडगडाट ऐकू येणे, ह्या साऱ्या गोष्टी ठरलेल्या क्षणीच घडाव्या लागतात. त्या क्षणाच्या इशाऱ्याला रंगभूमीवर ‘क्यू’ म्हणतात. पूर्वी हा इशारा हाताने, घंटेने किंवा दिव्याने दिला जाई. इंग्लंडातील नाट्यगृहांत लाल दिवा लागला की ‘तयार राहा’ आणि हिरवा लागला की ‘करा’, अशी पद्धत पडली व ती अद्याप चालू आहे. दिव्याला आवाज नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु दिव्याकडे पाहावे लागते आणि त्याच्याकडून दोनच गोष्टी कळतात, ही तिची मर्यादा.

पुढे कानाला लावावयाची बोलकी यंत्रे आली. १९६८ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात ‘क्लियर-कॉम’ ही कंपनी निघाली. त्या वेळच्या रॉक संगीताच्या जलशांत गोंगाट एवढा असे की, ध्वनी सांभाळणाऱ्या कामगारांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नसे. ह्या अडचणीतून त्यांनी कमरेला अडकविण्याची पेटी आणि कानावरचा संच तयार केला. एकाच तारेवर अनेकजण ऐकू व बोलू शकतील, अशी ती योजना होती.

यंत्राबरोबर शिस्तही आली. पाश्चात्त्य रंगभूमीवर प्रयोग चालविणारा व्यवस्थापक आधी ‘स्टँडबाय’ म्हणतो, मग क्यूचा क्रमांक सांगतो आणि अगदी शेवटी ‘गो’ हा शब्द उच्चारतो. हा शब्द कानी पडताच हात हलतो. म्हणून प्रयोग चालू असताना तो दुसऱ्या कोणत्याही अर्थाने कोणी उच्चारावयाचा नाही, असा संकेत आहे. वर टांगलेला जड देखावा खाली येत असेल आणि त्याखाली नट उभा असेल, तर एका अस्थानी शब्दाने प्राणावर बेतू शकते.

तारेचा संच कामगाराला चालतो. नटाला मात्र तार दिसून चालत नाही. म्हणून त्याच्यासाठी बिनतारी योजना करावी लागते. पडद्यामागील मनुष्य ध्वनिक्षेपकात बोलतो. प्रक्षेपक यंत्र त्या आवाजाचे रेडिओ-लहरींत रूपांतर करते. नटाच्या वस्त्राखाली कमरेला लहानसे ग्राहक यंत्र असते. त्यातून निघालेली एक बारीक तार गळ्याभोवती, कपड्याच्या आत, वेटोळ्यासारखी घातलेली असते. आवाजाच्या चढउताराप्रमाणे त्या तारेतील विद्युत्प्रवाह बदलतो आणि तसाच तिच्याभोवतीचा चुंबकीय प्रभावही बदलतो. कानाच्या पोकळीत बसविलेल्या दाण्याएवढ्या यंत्रात बारीक तारेचे एक गुंडाळे असते. बदलत्या चुंबकीय प्रभावाने त्यात पुन्हा प्रवाह उत्पन्न होतो आणि त्याचा आवाज बनतो. गळ्यापासून कानापर्यंत दिसणारी तार कोठेच नसते. बहिऱ्या माणसांच्या अनेक श्रवणयंत्रांत हेच तत्त्व वापरलेले आहे.

ह्या सोयीला मर्यादाही आहेत. यंत्रातील विजेची घटमाला ऐन अंकात संपू शकते. दिवे मंद करणाऱ्या डिमरच्या सान्निध्यात कानात घरघर सुरू होते. रेडिओ-लहरींची वाटणीही शासनाच्या हाती असते. अमेरिकेत ७०० मेगॅहर्ट्झ पट्ट्यातील बिनतारी ध्वनिक्षेपकांचा वापर १२ जून २०१० पासून बंद करण्यात आला, तेव्हा अनेक नाट्यगृहांना चांगली चालणारी यंत्रे बाजूला ठेवावी लागली. म्हणून परदेशातून आणलेले यंत्र येथील नियमांत बसते की नाही, हे आधी पाहणे शहाणपणाचे.

सर्वांत मोठी मर्यादा अशी की, हवेत सोडलेला शब्द एकट्याचा राहत नाही. साध्या पद्धतीने पाठविलेला संदेश योग्य ग्राहक यंत्र असलेल्या कोणालाही ऐकता येतो. १९८६ साली हे जगाला दिसले. पीटर पॉपॉफ नावाचे अमेरिकन धर्मोपदेशक रोगनिवारणाच्या सभा भरवीत. सभेतील अनोळखी माणसाचे नाव, पत्ता आणि दुखणे ते अचूक सांगत व हे ज्ञान दैवी आहे, असा लोकांचा समज होई. जेम्स रँडी ह्या जादूगाराला पॉपॉफ यांच्या कानात काहीतरी असल्याचा संशय आला. त्याच्या सहकाऱ्यांनी लहरी शोधणारे यंत्र लावले, तेव्हा ३९.१७ मेगॅहर्ट्झवर पॉपॉफ यांच्या पत्नीचा आवाज सापडला. लोकांनी भरून दिलेल्या चिठ्ठ्यांवरील मजकूर त्या पडद्यामागून वाचून दाखवीत होत्या. रँडीने ते ध्वनिमुद्रण जॉनी कार्सन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात लाखो प्रेक्षकांना ऐकविले.

ह्याच्याशेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहण्यासारखे आहे. २००९ साली लंडनच्या ‘ओल्ड व्हिक’ नाट्यगृहात ‘कॉम्प्लिसिट’ ह्या नाटकाच्या वेळी प्रसिद्ध नट रिचर्ड ड्रायफस ह्यांनी संवादांच्या साहाय्यासाठी कानात असेच यंत्र ठेवले होते. वृत्तपत्रांनी त्याची चर्चा केली, काहींनी नाकही मुरडले. परंतु त्यास लबाडी म्हणता येत नाही. नट दुसऱ्याने लिहिलेले शब्द बोलत आहे, हे प्रेक्षकाला मुळातच मान्य असते. ते शब्द रात्र जागून पाठ केले, की विंगेतून मिळाले, की कानातून आले, ह्याने कलेचा कस कमीअधिक ठरेल; कोणाचा विश्वास बुडणार नाही. आजारी माणूस मात्र सभेला नाटक पाहावयास आलेला नसतो. तो आपल्या दुखण्याचे उत्तर शोधीत आलेला असतो, आणि त्याच्याच चिठ्ठीतील शब्द त्याला चमत्कार म्हणून परत दिले जातात. दोन्ही ठिकाणी यंत्र एकाच जातीचे; पण पहिल्या ठिकाणी त्याने विश्वासाचा घात केला आणि दुसऱ्या ठिकाणी कलेला हात दिला.

गोव्यातील जत्रांत किंवा बेळगाव, इंदूर, बडोदे येथील रंगमंचांवर नाटके करणाऱ्या हौशी मंडळींनी अशी यंत्रे जरूर वापरावीत. मात्र काही पथ्ये पाळावीत. आज्ञा देणारा एकच असावा. शब्द थोडे आणि आधी ठरलेले असावेत. तालमीतच यंत्राची सवय करावी, कारण बोलता बोलता ऐकणे हे शिकावे लागते. प्रत्येक प्रयोगापूर्वी नवी घटमाला घालावी. यंत्र मुके झाले तर कोणती खूण करावयाची, हेही ठरलेले असावे. आणि वही घेतलेला माणूस विंगेत उभा राहू द्यावा. घटमाला संपली, तरी त्याचा आवाज संपत नाही.