भूल देण्यापूर्वीची तीन मिनिटे

फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तहून एक महिला उपचारांसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. पुढच्याच महिन्यात तिच्यावर जठराचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तिला उचलणाऱ्या क्रेनची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. भूलतज्ज्ञापुढचा प्रश्न मात्र बातमीत क्वचितच येतो. सव्वाशे किलोच्या रुग्णालाही तो लागू आहे, आणि तो फळ्यावर सोडवता येतो.

संपूर्ण भूल देताना औषधांमुळे रुग्णाचा श्वास थांबतो. श्वासनलिकेत नळी बसवून यंत्राने श्वास सुरू करेपर्यंत काही वेळ जातो. नळी चटकन बसली तर मिनिटभर, अडचण आली तर बराच जास्त. तोवर शरीर कशावर चालते?

वढू बुद्रुकसारख्या भीमाकाठच्या गावातली मुले नदीत बुडी मारण्याआधी छाती भरून श्वास घेतात. भूल दिलेल्या रुग्णाला ही सोय नसते. त्याचा श्वास थांबतो तो उच्छ्वास संपून छाती सैल पडल्यावर. तेव्हा फुप्फुसांत दोन-अडीच लिटर हवा उरलेली असते. तीच त्याची शिदोरी.

अडीच लिटर धरू. या हवेत ऑक्सिजन जेमतेम १३ टक्के, म्हणजे सुमारे ३२५ मि.लि. शरीराचा खर्च मिनिटाला अंदाजे २५० मि.लि. शिदोरी मिनिटभरातच संपत येईल. पण भूल देण्यापूर्वी तीन मिनिटे मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर फुप्फुसांतला नायट्रोजन धुतला जाऊन ऑक्सिजन ९० टक्क्यांपर्यंत चढतो. आता साठा २,२५० मि.लि., म्हणजे कागदावर नऊ मिनिटे! प्रत्यक्षात वेळ कमी मिळतो, कारण भूल दिल्यावर फुप्फुसांतली हवा आणखी घटते.

स्थूल व्यक्तीच्या बाबतीत या गणिताच्या दोन्ही बाजू बिघडतात. आडवे झाल्यावर पोटातली चरबी श्वासपटलाला वर ढकलते, फुप्फुसांच्या तळाचे वायुकोश मिटतात आणि साठा आटतो. शरीर मोठे असल्याने खर्च मात्र वाढतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शुद्ध ऑक्सिजन दिल्यानंतरही, रक्तातील ऑक्सिजनची पातळी ९० टक्क्यांवर उतरायला सामान्य वजनाच्या रुग्णांना सरासरी ३६४ सेकंद लागले. अतिस्थूल रुग्णांना अवघे १६३.

उपाय पाहिले तर त्यातला सर्वांत स्वस्त उपायच मला सर्वांत सुंदर वाटतो. रुग्णाला सपाट न निजवता डोक्याकडची बाजू २५ अंश उचलायची. पोटाचा भार खाली सरकतो आणि श्वासपटल मोकळे होते. २००५ सालच्या एका अभ्यासात, पातळी ९२ टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ एवढ्यानेच १५५ सेकंदांवरून २०१ सेकंदांवर गेला. मास्क चेहऱ्याला घट्ट बसणेही तितकेच महत्त्वाचे. दाढीमुळे फट राहिली तरी बाहेरची हवा आत मिसळते आणि धुलाई अर्धवट होते. ऑक्सिजन थोड्या दाबाने दिला, तर मिटू पाहणारे वायुकोश उघडे राहतात.

आणखी एक युक्ती आहे. श्वास थांबल्यावरही नाकातून ऑक्सिजन वाहता ठेवायचा. छाती हलत नसताना तो आत जातो कसा? रक्त वायुकोशांतून मिनिटाला अडीचशे मि.लि. ऑक्सिजन शोषते, पण त्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड फारच थोडा बाहेर येतो. बराचसा रक्तात आणि ऊतींतच राहतो. त्यामुळे फुप्फुसांतला दाब किंचित घटतो आणि वाट मोकळी असेल तर वरचा ऑक्सिजन आपोआप आत ओढला जातो. कोविडच्या काळात परिचयाचे झालेले, नाकातून वेगाने ऊबदार व दमट ऑक्सिजन देणारे यंत्र यासाठीही वापरतात. साचत जाणारा कार्बन डायऑक्साइड मात्र रक्ताची आम्लता वाढवतो, म्हणून हेही फार काळ चालत नाही.

विद्यार्थी विचारतील, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर १०० आकडा आला की पुरे नाही का? नाही. तो आकडा रक्ताचा आहे. शिदोरी फुप्फुसांत असते, आणि रक्त भरल्यानंतरही ती अर्धवट रिकामी असू शकते. म्हणून भूलतज्ज्ञ उच्छ्वासातल्या ऑक्सिजनचे प्रमाण पाहतात. ते ९० टक्क्यांच्या आसपास पोचले की नायट्रोजन धुतला गेला असे समजतात.