रक्तातील विळा

मी कला शाखेची विद्यार्थिनी. रक्ताच्या आजारावर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे प्रथमच कबूल करते. परंतु एक मूल आठ वर्षे माझ्या डोळ्यांपुढून हललेले नाही, म्हणून हा खटाटोप.

वडवणी तालुक्यातील कित्येक घरांप्रमाणे आमच्याही घराला दिवाळीनंतर कुलूप लागे. आईवडील ऊसतोडीला फडात आणि मी, अकरा वर्षांची, कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायला. शेजारच्या कोपीत सातपुड्याकडचे एक जोडपे होते. त्यांचे पोर आणि आमचा भाऊ एकाच वयाचे, दोघेही रांगते. एका थंडीच्या पहाटे त्या पोराच्या हातापायांचे पंजे टम्म सुजले. हात लावला की ते किंचाळे. कोणी म्हणाले विंचू, कोणी म्हणाले नजर. आईने कोमट तेल चोळले. डॉक्टरांनी तापाचे औषध दिले. सूज आठवड्याने उतरली आणि पुन्हा आली. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत आमचा भाऊ चालू लागला होता. ते पोर उभेही राहत नव्हते. ‘खाल्लेलं अंगी लागत नाही त्याच्या,’ आई म्हणे.

गेल्या वर्षी सिकलसेलवरील एका पुस्तिकेत तसेच सुजलेले पंजे पाहिले आणि मी थबकले. त्या पोराचे रक्त कोणी तपासलेच नव्हते. तेव्हा त्याला हाच आजार होता असे मी म्हणणार नाही. शंका घेण्याजोगे मात्र सारे समोर होते.

सिकल म्हणजे विळा. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी १९१० साली अशा वाकड्या रक्तपेशींची नोंद प्रसिद्ध केली. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या भागांत तो विशेष दिसतो. हा संसर्गाचा रोग नव्हे. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव चारात एक. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतात, त्यामुळे घरात कोणालाच पत्ता नसतो.

अशा मुलाची वाढ कशी होते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जन्मतः वजन बहुधा ठीक असते. गर्भातील रक्ताचे हिमोग्लोबिन पहिले काही महिने त्याला सांभाळते. ते ओसरले की पेशी वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणूनच पंजे सुजतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच मोडते. नवे रक्त घडविण्यातच अन्नाची बरीच शक्ती खर्ची पडते. मग वजन मागे पडते, पाठोपाठ उंची. वयात येणेही वर्ष-दोन वर्षे लांबते. पुढे उंची पुष्कळदा भरून निघते. पण आरंभीची वर्षे फार धोक्याची, कारण प्लीहा निकामी झाल्याने साधा संसर्गही जिवावर बेततो.

निदान लवकर झाले तर पेनिसिलिन, लसी, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया यांनी पुष्कळ निभावते. सोल्युबिलिटी नावाची स्वस्त चाचणी आहे, परंतु सहा महिन्यांच्या आतील बाळात ती फसते. शिवाय रुग्ण कोण नि वाहक कोण हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे.

मला अडते ते निराळ्याच ठिकाणी. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून तक्त्यावर रेघ काढतात. रेघ आडवी झाली की बाई चौकशी करतात. आमच्या भावाचा तक्ता गावी होता आणि भाऊ फडात. त्या पोराचेही तसेच असणार. पंजे सुजण्याचे आणि वजन थांबण्याचे जे वय, नेमके त्याच वयातले पाच-सहा महिने कोरे! बरे, कोरी जागा पाहून ‘कुपोषित’ म्हणायला वेळ लागत नाही; मूल मागे पडले म्हणजे आई खाऊ घालीत नाही, एवढाच अर्थ आपण काढतो. ती माउली त्याला मांडीवर घेऊन भाकरी दुधात कुस्करून भरवी, हे मी रोज पाहिले आहे.

आमचा भाऊ आता चौथीत आहे. त्या पोराचे नाव मला आठवते. गाव विचारायचे राहून गेले.