दोन भिंतींमधली पोकळी
बंदर ते दुकान : भाग 7

न्हावाशेवा बंदरात उतरणाऱ्या कंटेनरच्या इनव्हॉइसवर बऱ्याचदा एवढंच लिहिलेलं असतं : ‘एसएस वॉटर बॉटल, 750 मिली’. पुढे नग, पुढे भाव. दुकानदाराचं एवढ्यावर भागतं. पण हीच ओळ कस्टम ब्रोकरच्या, म्हणजे बाजाराच्या बोलीत सीएचएच्या, टेबलावर येते तेव्हा तिथला अनुभवी माणूस आधी विचारतो, बाटलीला भिंत एक की दोन? आणि दोन असतील तर मध्ये हवा आहे की पोकळी?

प्रश्न चमत्कारिक वाटतो, पण सगळं त्यावरच ठरतं. एकपदरी बाटली ही स्टीलची घरगुती वस्तू. ती जकातीच्या दरपत्रकात 73व्या प्रकरणात, 7323 या शीर्षकाखाली जाते. दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असेल तर ती व्हॅक्यूम फ्लास्क, आणि तिची जागा पार 96व्या प्रकरणात, 9617 मध्ये. नुसती हवाच असेल, तर पुन्हा 7323. धातूंच्या विभागाच्या सुरुवातीलाच एक टीप आहे की 96व्या प्रकरणातल्या वस्तू या विभागात धरायच्या नाहीत. त्यामुळे बाटली नखशिखान्त स्टीलची असली तरी पोकळी निघाली की ती स्टीलच्या वस्तूंतून बाहेर पडते. डोळ्यांना न दिसणारी ही पोकळी इनव्हॉइसवर कुणी लिहीत नाही.

गेल्या भागात बिल ऑफ एंट्री कशी भरली जाते ते पाहिलं. या भागात तिच्यातला एकच रकाना : सीटीएच, म्हणजे मालाचा आठ आकडी वर्गीकरण क्रमांक. यातले पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ 1 जानेवारी 1988 पासून लागू आहे आणि आज 200हून अधिक देश आणि अर्थव्यवस्था तिच्यावर चालतात. तिच्यात 97 प्रकरणं आहेत. त्यांतलं 77वं पुढच्या गरजेसाठी मुद्दाम कोरं ठेवलं आहे. शेवटचे दोन आकडे भारताचे स्वतःचे. सगळे मिळून आपल्या दरपत्रकात 12 हजारांच्या आसपास नोंदी होतात. किती ड्युटी बसणार, आयातीला परवाना लागणार का, मुक्त व्यापार कराराची सवलत मिळणार का, हे सगळं त्या आकड्यांवर चालतं. इन्सुलेटेड फ्लास्क आणि बाटल्यांसाठी 2023 मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला, तेव्हापासून बीआयएसच्या प्रमाणपत्राचा प्रश्नही या बाटलीला चिकटला आहे.

हा क्रमांक ठरवणं हे कारकुनी काम नाही, ते कायद्याचा अर्थ लावणं आहे. त्यासाठी सहा नियम आहेत आणि ते क्रमानेच लावायचे असतात. पहिला नियम सांगतो की विभाग आणि प्रकरणांची नावं फक्त सोयीसाठी असतात. निर्णय शीर्षकाच्या शब्दांवर आणि टिपांवर करायचा. तेवढ्याने भागलं नाही तरच पुढच्या नियमांकडे वळायचं. तिसरा नियम मिश्र वस्तूंसाठी आहे : आधी जास्त नेमकं शीर्षक पाहायचं, मग वस्तूचा मूळ गुण कशात आहे ते पाहायचं, आणि तरीही सुटलं नाही तर आकड्यांच्या क्रमात शेवटी येणारं शीर्षक घ्यायचं.

2011 पासून भारतात स्वयंनिर्धारण आहे. क्रमांक आयातदाराने स्वतः ठरवायचा, ड्युटी स्वतः काढायची, आणि अधिकाऱ्याने ती तपासायची. चूक झाली आणि ड्युटी कमी भरली गेली, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 28 खाली दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन वसुलीची नोटीस येऊ शकते. जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा माहिती लपवली असं खात्याचं म्हणणं असेल, तर पाच वर्षांपर्यंत. एका बाटलीवर दोन-पाच रुपयांचा फरक पडत असेल, तर पाच वर्षांचे सगळे कंटेनर धरून तो आकडा लहान आयातदाराचं कंबरडं मोडू शकतो.

त्यात 2020 साली फेसलेस असेसमेंट आलं. जूनमध्ये बेंगळुरू आणि चेन्नईपासून सुरुवात झाली आणि ऑक्टोबर संपेपर्यंत ते देशभर लागू झालं. माल न्हावाशेव्याला पडलेला असतो आणि त्याचं बिल दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासत असतो. पूर्वी सीएचएचा माणूस नमुना हातात घेऊन अधिकाऱ्यासमोर उभा राहायचा, बाटली उघडून दाखवायचा. आता अधिकाऱ्याला दिसतात ते शब्द आणि जोडलेली कागदपत्रं. वर्णन अपुरं असेल तर क्वेरी येते, उत्तर जाईपर्यंत दिवस जातात, आणि तोवर कंटेनरचं भाडं चढत राहतं.

वर्गीकरणाचं सॉफ्टवेअर कामाला येतं ते नेमकं इथे. बाजारात त्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला शोधयंत्रासारखा. दरपत्रक, टिपा, हार्मोनाइज्ड सिस्टीमचं स्पष्टीकरण आणि जुने निर्णय यांची सूची त्याच्यात असते. शब्द टाकला की संबंधित शीर्षकं समोर येतात. अमेरिकी सीमाशुल्क खात्याचा निर्णयांचा ‘क्रॉस’ हा संग्रह किंवा युरोपीय संघाचे बंधनकारक वर्गीकरण निर्णय कुणालाही पाहता येतात आणि चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ते जोडलेले असतात. भारतीय अधिकाऱ्यावर ते बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादाला आधार म्हणून उपयोगी पडतात.

दुसरा प्रकार प्रश्न विचारणारा, आणि या लेखकाच्या मते खरा मोलाचा हाच. ‘स्टील बॉटल’ लिहिल्यावर तो लगेच क्रमांक सांगत नाही. आधी विचारतो : स्टेनलेस की दुसरं स्टील? भिंती किती? मध्ये निर्वात पोकळी आहे का? झाकणात तापमान दाखवणारा डिस्प्ले आहे का? उत्तरं आयातदाराकडे नसतील तर ती पुरवठादाराकडून मागवावी लागतात, आणि त्या एका ईमेलमध्येच बहुतेक गोंधळ मिटतो. प्रत्येक उत्तराबरोबर कुठली टीप लागली, कुठला नियम लावला, हेही नोंदलं जातं. तीन वर्षांनी नोटीस आली तर हीच नोंद दाखवता येते. त्या वेळचा कर्मचारी तोवर नोकरी सोडून गेलेला असतो. त्याने काय विचार केला होता, हे कागदावर राहिलेलं असतं.

तिसरा प्रकार शिकणाऱ्या यंत्रांचा. लाखो जुन्या नोंदी वाचून तो नव्या वर्णनाला क्रमांक सुचवतो, सोबत खात्रीची टक्केवारी देतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेने 2019 मध्ये ‘बाकुडा’ या नावाने सीमाशुल्कातल्या विदा-विश्लेषकांचा प्रकल्प सुरू केला आणि त्यातही असं क्रमांक सुचवणारं प्रारूप तयार झालं. वेग अफाट आहे. ज्याच्याकडे सुट्या भागांच्या दहा हजार ओळी आहेत, त्याला याशिवाय गत्यंतर नाही. मात्र हे यंत्र शिकतं लोकांनी पूर्वी भरलेल्या क्रमांकांवरून. सगळे वर्षानुवर्षं व्हॅक्यूमच्या बाटल्या 7323 मध्ये टाकत आले असतील, तर यंत्रही 92 टक्के खात्रीने 7323 म्हणेल. ती टक्केवारी लोक काय करत आले याची असते. कायदा काय म्हणतो याची नव्हे. अलीकडची भाषा लिहिणारी यंत्रं तर दरपत्रकात नसलेली टीपही अस्खलित भाषेत लिहून देऊ शकतात. म्हणून टिपेचा मूळ मजकूर उघडून वाचल्याशिवाय त्यांचं उत्तर पुढे पाठवू नये.

शब्द आणि अर्थ यांच्यातला हा तिढा संगणकाच्या फार आधीचा आहे, आणि त्याचा एक मोठा निकाल अकोल्याच्या पानवाल्यांमुळे लागला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विक्रीकर कायद्यात भाजीपाल्याला करमाफी होती. विड्याचं पानही वेलीवर येणारं, हिरवं. मग ती भाजीच, असं अकोल्याच्या व्यापाऱ्यांचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1961 मध्ये न्यायालयाने सांगितलं की शब्दाचा अर्थ वनस्पतिशास्त्रात शोधायचा नाही, बाजारात शोधायचा. मंडईत ‘भाजी द्या’ म्हटल्यावर कुणी विड्याची पानं देत नाही. शिवाय कायद्याच्या यादीत आधी भाजीपाला आणि विड्याची पानं अशा दोन वेगळ्या नोंदी होत्या आणि पानांची नोंद नंतर काढून टाकलेली होती. म्हणजे यादी करणाऱ्यांनीही त्या दोन गोष्टी एक मानलेल्या नव्हत्या. पानांवर कर लागला. शब्द जुळवणाऱ्या यंत्राला मंडईची ही बोली आपसूक कळत नाही, आणि यादीतून काय वगळलं गेलं हे तर ते क्वचितच पाहतं.

खोबरेल तेलाचंही तसंच. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल हे 1513 मधलं खाद्यतेल, की 3305 मधलं केसांचं तेल? अबकारी करापासून सुरू झालेला हा वाद सर्वोच्च न्यायालयात 2018 साली दोन न्यायाधीशांच्या मतभेदावर अडला आणि 18 डिसेंबर 2024 रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो खाद्यतेलाच्या बाजूने सोडवला. बाटली लहान आहे एवढ्यावरून तेल केसांचं ठरत नाही.

यंत्राची आणखी एक मर्यादा गाड्यांच्या सुट्या भागांत दिसते. दुसऱ्या नियमानुसार सुटी केलेली वस्तूही पूर्ण वस्तूच धरली जाते. स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सप्टेंबर 2024 मध्ये सुमारे 1.4 अब्ज डॉलरच्या करमागणीची नोटीस निघाली. जवळजवळ अख्ख्या गाड्याच सुट्या भागांच्या रूपात, वेगवेगळ्या खेपांमधून आणल्या आणि कमी दराने ड्युटी भरली, असा खात्याचा आरोप. कंपनीला तो मान्य नाही, आणि तिने मुंबई उच्च न्यायालयात नोटिशीला आव्हान दिलं. कोण बरोबर हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण प्रश्नाची जात पाहण्यासारखी आहे. सॉफ्टवेअर एका बिलातली एक ओळ पाहतं, आणि त्या ओळीत बंपर हा बंपरच असतो. दहा बिलं शेजारी मांडल्यावर त्यांतून गाडी उभी राहते का, हे पाहायला वेगळी नजर लागते.

दरपत्रकही जागच्या जागी राहत नाही. ड्रोन आधी उडणारा कॅमेरा धरायचा की विमान, यावर वाद होत. 1 जानेवारी 2022 पासून त्याला 8806 हे स्वतःचं शीर्षक मिळालं. त्याच फेरीत स्मार्टफोनला वेगळं उपशीर्षक आलं. पुढची आवृत्ती 1 जानेवारी 2028 ला लागू होणार आहे. वार्षिक वर्गणी भरून सॉफ्टवेअर घेणाऱ्याने विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा : माझे साठवलेले जुने क्रमांक नव्या आवृत्तीत कोण आणि कसे तपासणार?

प्रश्न खरोखर अटीतटीचा असेल तर माल मागवण्याआधीच आगाऊ निर्णय घेता येतो. त्यासाठीचं प्राधिकरण मुंबईत आणि दिल्लीत आहे. निर्णय अर्जदारापुरता बंधनकारक असतो, आणि मध्ये कायदा बदलला नाही तर ठरलेल्या मुदतीपर्यंत चालतो. लहान आयातदार इकडे फारसे फिरकत नाहीत. त्यांनी फिरकायला हवं.

आता पुन्हा बाटलीकडे. बिल दाखल करण्याआधी सीएचए आयातदाराला चेकलिस्ट पाठवतो आणि बरेच आयातदार मोबाइलवर ती न वाचताच ‘ओके’ कळवतात. पुरवठादाराचं उत्तर आल्यानंतरच्या चेकलिस्टमध्ये वर्णनाची ओळ अशी दिसते : ‘स्टेनलेस स्टीलची दुहेरी भिंतीची व्हॅक्यूम फ्लास्क, 750 मिली, झाकणासह, घरगुती वापरासाठी’. शेजारी 9617 ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक, आणि सोबत कॅटलॉगचं ते पान, ज्यावर बाटलीचा उभा छेद काढून दोन भिंतींमधली पोकळी दाखवलेली आहे.

पुढच्या भागात : क्रमांक ठरला, आता किंमत. इनव्हॉइसवरचा भाव खात्याला कधी मान्य होतो आणि कधी नाही.