मेंढीकोट आणि पुरावा: 'नाही' आणि 'दिसलं नाही' यातला फरक

नेट, सेट किंवा पेटची तयारी करताना 'पुराव्यावरून निष्कर्ष' हा भाग अनेकांना रुक्ष वाटतो. मलाही वाटायचा. पण नामपूरला उन्हाळ्याच्या सुट्टीत ओट्यावर मेंढीकोट खेळताना आपण नेमकं हेच करत होतो, हे पीएचडीला आल्यावर लक्षात आलं. म्हणून आज आधी खेळ, मग त्यातला पुरावा.

खेळ कसा खेळतात?

चार जण, दोन जोड्या. भिडू समोरासमोर बसतात. 52 पानं पिसून प्रत्येकाला 13 वाटायची: आधी पाच, मग चार, मग चार. वाटणाऱ्याच्या उजवीकडचा पहिली उतारी करतो आणि खेळ उजवीकडून पुढे जातो. एक्का सर्वांत मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि खाली दुरीपर्यंत.

उतारी ज्या रंगाची, तोच रंग प्रत्येकाने टाकायचा. चार पानांत सर्वांत मोठं ज्याचं, त्याचा हात. पुढची उतारीही त्याचीच. उतारीचा रंग जवळ नसेल तरच दुसरं पान टाकता येतं. डावात असं पहिल्यांदा घडलं की टाकलेल्या पानाचा रंग हुकूम ठरतो. पुढे हुकमाचं पान इतर रंगांवर भारी पडतं. हुकूम ठरवण्याच्या इतर पद्धतीही आहेत. आम्ही ही खेळायचो.

खरी मजा दश्शीची. तिलाच मेंढी म्हणतात. चारपैकी तीन मेंढ्या ज्या जोडीच्या हातांत आल्या, ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर सात किंवा जास्त हात करणारी जिंकते. चारही मेंढ्या घेतल्या की मेंढीकोट! म्हणजे सगळा खेळ एका प्रश्नाभोवती फिरतो: मेंढी कोणाकडे आहे?

आता पुरावा बघू

समजा बदामाची दश्शी तुमच्याकडे नाही. उरलेल्या तिघांपैकी प्रत्येकाकडे ती असण्याची शक्यता सारखीच, एक तृतीयांश. तुम्ही लहान बदाम उतरलात. उजवीकडच्याने एक्का टाकला, भिडूने चौकी आणि शेवटी डावीकडच्याने सत्ती.

डावीकडच्याचं शेवटचं पान होतं आणि हात त्याच्याच भिडूचा होता. मेंढी असती तर ती टाकायची याहून सुरक्षित संधी नव्हती. तरी सत्ती का? बहुतेक मेंढी नाहीच. पण 'बहुतेक' म्हणजे किती?

असे 300 डाव कल्पा. 100 वेळा मेंढी उजव्याकडे, 100 वेळा भिडूकडे, 100 वेळा डाव्याकडे. सोपं करण्यासाठी धरू, की डाव्याकडे मेंढी असेल तर अशा संधीला तो 100 पैकी 90 वेळा ती टाकतो. ते 90 डाव बाद झाले, कारण त्याने टाकली नाही. उरले 210, त्यातले फक्त 10 डाव्याचे. म्हणजे शक्यता 33 टक्क्यांवरून पाचच्या आत आली. शून्य मात्र झाली नाही.

पुढच्या वेळी बदाम आले तेव्हा तुमच्या भिडूने दुसराच रंग टाकला. आता त्याचे 100 डाव पूर्ण बाद, कारण बदाम असता तर तो टाकणं नियमानेच भाग होतं. उरले 110, त्यातले 100 उजव्याचे. मेंढी त्याच्याकडे असण्याची शक्यता जवळपास 91 टक्के!

हाच बेजचा नियम. थॉमस बेजचा त्यावरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, 1763 मध्ये छापला गेला.

संशोधनात याचं काय?

दोन्ही वेळा मेंढी 'दिसली नाही', पण अर्थ वेगळा. भिडूच्या बाबतीत नियम बोलतो, डाव्याच्या बाबतीत सवय. पहिला पुरावा पक्का, दुसरा फक्त वजनदार.

पहिल्या वर्षी मी इथेच चुकलो. एका नमुन्यात हवा तो पदार्थ यंत्राने दाखवला नाही, तर मी वहीत सरळ 'पदार्थ नाही' असं लिहिलं. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "यंत्राला कमीत कमी किती दिसतं?" मला सांगता आलं नाही. यंत्राच्या मर्यादेखाली पदार्थ असूही शकत होता. तक्त्यातल्या त्या सगळ्या नोंदी मला 'मर्यादेपेक्षा कमी' अशा बदलाव्या लागल्या आणि दोन महिन्यांचा निष्कर्ष मागे घ्यावा लागला.

आणखी एक. कोणी पान असून 'नाही' म्हटलं, तर पक्का वाटणारा पुरावाही कोसळतो. म्हणून खेळात त्यावर भांडणं होतात, आणि संशोधनात कच्च्या नोंदी जपून ठेवतात.

तुमच्यासाठी गणित: डावीकडचा नवखा आहे आणि संधी असून 100 पैकी 50 वेळाच मेंढी टाकतो. मग त्या सत्तीनंतर मेंढी त्याच्याकडे असण्याची शक्यता किती? 250 पैकी 50, म्हणजे 20 टक्के यायला हवी. नाही आली, तर गृहीतक कुठे बदललं ते आधी तपासा.