देणाऱ्याचीही शुश्रूषा हवी

मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावर, छातीवर किंवा पोटावर ठोसा मारता येतो. पाठीवर, कमरेच्या वरच्या बाजूस मात्र तो मारता येत नाही. तसे करणाऱ्याला पंच ताकीद देतात आणि चूक पुन्हा घडल्यास त्याचे गुण कापतात. कारण उघड आहे. आपली मूत्रपिंडे कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. प्रत्येक मूत्रपिंड साधारणपणे आपल्या मुठीएवढे आणि सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचे असते. तेथे बसलेला जोरदार मार प्राणावर बेतू शकतो. म्हणून इतक्या आडदांड खेळानेही ही जागा वर्ज्य मानली आहे.

उमेदीची सारी वर्षे या खेळात घालवलेल्या एका माणसाने आपले एक मूत्रपिंड स्वेच्छेने काढून आपल्या मुलीला दिले. पोलंडचे हेवीवेट मुष्टियोद्धे प्शेमिस्वाव सालेता हे त्यांचे नाव. कौटुंबिक आरोग्याच्या पाक्षिकात मुष्टियोद्ध्याची हकिकत कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरी दीर्घकाळ आजारी असलेले माणूस आहे. कोणी आपल्या मुलाला वा पत्नीला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला नेत असेल. ‘माझे मूत्रपिंड तिला चालेल का?’ हा प्रश्न कोणी मनातल्या मनात, तर कोणी डॉक्टरांसमोर विचारलाही असेल. अशा वाचकांना सालेता यांच्या कारकिर्दीतून धीर मिळेल आणि सावधगिरीची सूचनाही मिळेल.

कारकिर्दीचा चढउतार

सालेता यांचा जन्म ७ मार्च १९६८ रोजी व्रोत्स्वाफ या शहरात झाला. त्या काळी पोलंडमध्ये साम्यवादी राजवट होती आणि व्यावसायिक मुष्टियुद्धाला तेथे स्थान नव्हते. मुष्टियोद्ध्याने हौशी खेळाडू म्हणून देशासाठी पदके मिळवावीत, एवढीच अपेक्षा असे. १९८९ मध्ये राजवट बदलली आणि खेळाडूंना बाहेरचे जग खुले झाले. सालेता यांनी आधी किकबॉक्सिंगमध्ये नाव कमावले आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी ते व्यावसायिक मुष्टियुद्धाकडे वळले.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा दिवस २० जुलै २००२ हा होय. जर्मनीतील डॉर्टमुंड येथे युरोपीय हेवीवेट विजेतेपदासाठी त्यांची गाठ लुआन क्रास्निकी यांच्याशी पडली. क्रास्निकी जर्मनीतच खेळणारे होते आणि प्रेक्षकही त्यांच्याच बाजूचे होते. तरीही सालेता तग धरून राहिले. नवव्या फेरीत थकलेल्या क्रास्निकी यांनी लढत सोडली आणि विजेतेपदाचा पट्टा चौतीस वर्षांच्या सालेतांच्या कमरेला आला. तो फार दिवस टिकला नाही. त्याच वर्षी तुर्की वंशाच्या सिनान शामिल साम यांनी तो हिरावून घेतला. २००५ मध्ये माजी जगज्जेते ऑलिव्हर मॅक्कॉल यांच्याकडूनही सालेतांना हार पत्करावी लागली. वय वाढत होते आणि चरितार्थाचे हे साधन हळूहळू हातचे सुटत होते.

डिसेंबर २००७

पुढे त्यांच्या मुलीला मूत्रपिंड प्रत्यारोपणाची गरज निर्माण झाली. त्या वर्षी पोलंडमध्ये अवयव मिळणे नेहमीपेक्षा कठीण झाले होते. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉर्सा येथील एका हृदयशल्यविशारदाला मोठ्या गाजावाजात अटक झाली. रुग्णाच्या मृत्यूबाबत त्याच्यावर जाहीरपणे गंभीर संशय व्यक्त करण्यात आला. या प्रकाराने लोकांचा प्रत्यारोपणावरील विश्वासच डळमळला आणि देशभरातील अवयवदानाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. एका बातमीचे पडसाद प्रतीक्षायादीतील अनोळखी रुग्णांपर्यंत कसे पोहोचतात, याचे हे दुःखद उदाहरण आहे.

डिसेंबर २००७ मध्ये सालेतांनी आपले एक मूत्रपिंड मुलीला दिले. त्या वेळी त्यांना चाळिसावे वर्ष चालू होते. शरीर व्यायामाने कमावलेले होते. अशा माणसाला या शस्त्रक्रियेचे काय भय, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनंतर गंभीर गुंतागुंत निर्माण झाली. मुलीसाठी रुग्णालयात गेलेला बाप स्वतःच अत्यवस्थ रुग्ण झाला. त्यांना काही काळ औषधांच्या साहाय्याने बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. या संकटातून ते सावरले. पुढे पोलंडमध्ये अवयवदानाविषयी बोलणाऱ्यांत त्यांचा आवाज आवर्जून ऐकला जाऊ लागला.

या प्रसंगाने आपण घाबरून जाण्याचे कारण नाही. जिवंत दात्याचे मूत्रपिंड काढण्याची शस्त्रक्रिया आज बहुधा दुर्बिणीद्वारे होते आणि ती पुष्कळ सुरक्षित मानली जाते. दात्याचा मृत्यू ओढवण्याचे प्रमाण दहा हजारांत सुमारे तीन इतके अल्प आहे. परंतु अल्प म्हणजे शून्य नव्हे. रुग्ण एक आहे आणि दुसरा केवळ मदतनीस आहे, अशी आपली समजूत असते. शस्त्रक्रियेच्या दिवशी मात्र एकाच घरातील दोन माणसे शल्यगृहात जातात. देणाराही त्या दिवसापासून रुग्णच असतो.

एका मूत्रपिंडावर शरीर कसे चालते?

प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे दहा लाख सूक्ष्म घटक असतात. एक मूत्रपिंड काढल्यावर गाळणक्षमता निम्म्यावर येईल, असा हिशेब आपण करतो. पण निरोगी शरीर तसे होऊ देत नाही. उरलेल्या मूत्रपिंडाकडे अधिक रक्त वाहू लागते, ते आकाराने थोडे वाढते आणि काही आठवड्यांत-महिन्यांत पूर्वीच्या एकूण क्षमतेच्या सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंतचे काम एकटे सांभाळू लागते. दैनंदिन जीवनाला एवढे पुरते. ज्याला मूत्रपिंड मिळते, त्याला मात्र ते टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आयुष्यभर, वेळच्या वेळी घ्यावी लागतात.

दात्याला अशी औषधे लागत नाहीत आणि नेमके येथेच दुर्लक्ष होते. घरातील सर्वांचे लक्ष घेणाऱ्याकडे असते. देणाऱ्याच्या टाक्यांची दुखण, थकवा, मनाची उदासी यांची विचारपूस होत नाही. तो स्वतःही बोलत नाही. ‘मला काय झाले आहे!’ असे म्हणून कामाला लागतो.

पंचेचाळिशीतील लढत

सालेतांच्या कथेचा पुढचा भाग रोमहर्षक आहे. पण तो वाचताना आपण सावध असले पाहिजे. २३ फेब्रुवारी २०१३ रोजी ग्दान्स्क येथील एर्गो अरेनामध्ये, एका मूत्रपिंडावर जगणारे सालेता पुन्हा रिंगणात उतरले. समोर होते आंजेय गोवोता. गोवोता यांनी १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते. अमेरिकेत ते अँड्र्यू गोलोटा या नावाने गाजले. चार प्रमुख संघटनांच्या जगज्जेतेपदांसाठी ते लढले. पण एकही त्यांच्या पदरी पडले नाही. दोघांचे जन्मवर्ष एकच होते. सहाव्या फेरीत सालेतांच्या ठोशांनी गोवोता कोसळले आणि लढत संपली.

गोवोतांच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. ऑक्टोबर २००० मध्ये माइक टायसन यांच्याविरुद्ध दोन फेऱ्यांनंतर त्यांनी लढण्यास नकार दिला. त्यांच्या कोपऱ्यातील माणसे त्यांना परत पाठवू पाहत होती आणि प्रेक्षकांनी बाहेर जाणाऱ्या गोवोतांवर हाती येईल ते फेकले. पुढे रुग्णालयातील तपासणीत त्यांच्या गालाचे हाड मोडल्याचे, मेंदूला धक्का बसल्याचे आणि मानेच्या मणक्यांमधील चकती सरकल्याचे आढळले. ज्याला दुखत होते, त्याचेच म्हणणे खरे ठरले. ‘मला आता होत नाही’ असे घरातील दाता किंवा शुश्रूषा करणारे माणूस म्हणते, तेव्हा गोवोतांचा हा प्रसंग आपण आठवावा.

एकच मूत्रपिंड असलेल्या व्यक्तीने मुष्टियुद्धासारखे अंगावर मार घेण्याचे खेळ टाळावेत, असाच सल्ला डॉक्टर सामान्यतः देतात. उरलेल्या मूत्रपिंडाला इजा झाली, तर मागे दुसरे नसते. सालेता तेथेच थांबले नाहीत. २०१५ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते वूच शहरात टोमाश अदामेक यांच्याशी लढले आणि पाचव्या फेरीनंतर माघारले. त्यांच्या जिद्दीचे कौतुक जरूर करावे. अनुकरण करायचेच असेल, तर ते त्यांच्या २००७ मधील निर्णयाचे करावे, त्यानंतरच्या ठोशांचे नव्हे. दात्याने रोज चालावे, पोहावे, वैद्यकीय सल्ल्याने व्यायाम करावा. एवढी तंदुरुस्ती पुरेशी आहे.

आपल्या घरी हा प्रश्न आला तर

भारतात या दानाचे नियमन १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने होते. आईवडील, मुले, भावंडे आणि पती-पत्नी यांना त्यात जवळचे नातेवाईक मानले होते. २०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे यांचाही समावेश झाला. म्हणजे आजोबांनी नातवाला मूत्रपिंड देण्यास कायद्याची आडकाठी नाही. साठीनंतरही, रक्तदाब, मधुमेह, हृदय आणि मूत्रपिंडाचे कार्य यांची कसून तपासणी केल्यावर काही व्यक्ती दाता म्हणून योग्य ठरतात. ज्यांना नकार मिळतो, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. तो नकार त्यांच्या मायेला नसतो; तो त्यांच्याच रक्षणासाठी असतो.

आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. आई देते, पत्नी देते आणि रुग्णालयातून घरी आल्यावर थोड्याच दिवसांत स्वयंपाकघरात उभी राहते. तिची संमती खरोखर मोकळ्या मनाची आहे का, हे विचारण्याचे धैर्य घरातील ज्येष्ठांनी दाखवावे. डॉक्टर दात्याशी एकांतात बोलू इच्छितात, ते यासाठीच. अशा वेळी कुटुंबीयांनी दाराबाहेर थांबावे आणि दात्याने दिलेला नकारही शांतपणे स्वीकारावा.

शस्त्रक्रियेपूर्वीच घरात दोन स्वतंत्र याद्या कराव्यात. घेणाऱ्याजवळ कोण राहील आणि देणाऱ्याजवळ कोण राहील, ही दोन नावे वेगळी असावीत. दात्याने साधारण सहा आठवडे भरलेली बादली, धान्याचा डबा, गॅसचा सिलिंडर असे जड काही उचलू नये. ताप, टाक्यांतून स्राव, पोटरीवर सूज किंवा अचानक धाप लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. पुढे वर्षातून एकदा तरी रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. दानानंतर रक्तदाब वाढण्याची शक्यता थोडी अधिक असते. म्हणून हा नेम दहा वर्षांनीही मोडू नये. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि घटक ठाऊक नसलेली भस्मे वा काढे उरलेल्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मला एकच मूत्रपिंड आहे’ हे वाक्य सर्वांत आधी सांगावे.

मुष्टियुद्धात प्रत्येक फेरीनंतर एक मिनिटाची विश्रांती असते. त्या मिनिटात कोपऱ्यातील माणसे योद्ध्याला स्टुलावर बसवतात, पाणी देतात, जखम पुसतात आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहून तो पुढे लढू शकेल का, हे ठरवतात. युरोपचा विजेताही त्या मिनिटावाचून पुढच्या फेरीला उभा राहू शकत नाही. आपल्या घरात कोणी मूत्रपिंड दिले असेल, वा कोणी वर्षानुवर्षे रुग्णाची सेवा करीत असेल, तर आज त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. ‘तुमची तब्येत कशी आहे?’ असे विचारा आणि त्यांचे उत्तर पूर्ण होईपर्यंत उठू नका.